गालिच्याची अंघोळ

गालिचा धुवायला काढला तेव्हा त्याच्या मूळ रंगाबद्दल घरात दोन पक्ष होते. मी राखाडीच्या बाजूने. बायकोच्या मते तो निळा होता, आणि घेताना मीही सोबत होतो.

गाडी धुवायचा प्रेशर वॉशर घरात होताच. चाकांवरचा चिखल सोलून काढणाऱ्या यंत्राला गालिच्याचा मळ म्हणजे हातचा मळ! यंत्रावर १,५०० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) असं ठसठशीत लिहिलेलं. गालिचे धुणारी यंत्रं साधारण १०० ते ५०० पीएसआयवर चालतात, आणि सोडलेलं पाणी लगेच ओढूनही घेतात, हे ज्ञान मला नंतर झालं. माझी सगळी ज्ञानं नंतरची असतात.

नोझलही दोन होती. पांढरं ४० अंशांचं, पाणी पंख्यासारखं पसरवणारं. लाल शून्य अंशाचं, सुईसारखी धार. पांढरं मला फारच मवाळ वाटलं.

खटका दाबला. सर्रकन एक निळा पट्टा उमटला. म्हणजे बायको जिंकली. पण मी थांबलो नाही, आणि तो निळा पट्टा हळूहळू पांढरा व्हायला लागला. लव उडून खालचं विणकाम दिसत होतं. गालिच्याला भांग पडला होता, तोही कायमचा.

बरं, पाणी वरून जितकं दिसलं त्याच्या कितीतरी पट आत मुरलेलं. उचलायला गेलो तर गालिचा नव्हे, पाणघोडा. तळाच्या अस्तराचा गोंद सुटून मधोमध टेंगूळ आलं. तिसऱ्या दिवशी तपकिरी डाग उगवले: दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं तळाचं घाण पाणी धाग्यांतून वर आलं आणि वाळताना मळ वरच सोडून गेलं. वास वेगळाच.

शेवटी गालिचे धुणाऱ्याला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि डॉक्टरच्या सुरात विचारलं, "गाडीचं मशीन मारलंत का?" मी खाली पाहिलं. त्याने निम्मा वेळ नुसता कोरडा व्हॅक्यूम फिरवला, कारण बराचसा मळ कोरडाच असतो म्हणे. मग हलका फवारा, आणि एकदा पाणी सोडलं की तीनदा ओढून घ्यायचं.

डाग गेले. भांग राहिला. त्याच्यावर सोफा सरकवलाय, तो आता दारात आडवा येतो. पाहुणे तिरके होऊन आत शिरतात आणि हे असं का म्हणून विचारतात.

"ह्यांना विचारा," बायको म्हणते, "गालिचा राखाडी होता ना!"