स्क्रीनवर तर छान दिसत होतं!

घरच्या घरी फाइन आर्ट प्रिंट काढायचं ठरलं की सगळे आधी प्रिंटरवर संशय घेतात. माझ्या मते या प्रकरणात प्रिंटर बिचारा निर्दोष असतो. खरा आरोपी समोर उजळ माथ्याने बसलेला असतो: मॉनिटर. त्याचा मूळचा ब्राइटनेस एवढा असतो की अंधाऱ्या खोलीत त्याच्या उजेडात सुईत दोरा ओवावा. कागदाला स्वतःचा उजेड नाही. त्यामुळे पडद्यावरची संध्याकाळ कागदावर अमावस्या होऊन उतरते. ब्राइटनेस ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान आणा, कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) लावा, आणि मगच प्रिंटरला शिव्या घाला.

रंगांचा कारभार कोणाकडे, फोटोच्या सॉफ्टवेअरकडे की ड्रायव्हरकडे (म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामकडे), हे एकदाच काय ते ठरवा. दोघांनाही हो म्हटलं तर दोघेही इमानेइतबारे रंग दुरुस्त करतात, आणि फोटोतली सगळी मंडळी लाजल्यासारखी गुलाबी होतात. सॉफ्टवेअरमध्ये त्याच प्रिंटरसाठी बनवलेला, त्याच कागदाचा आयसीसी प्रोफाइल (रंग कागदावर कसे उतरतात ते सांगणारी फाइल) निवडा. ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करा. (बंद करायची जागा हमखास तीन खिडक्यांच्या आड दडवलेली असते.) मीडिया टाइपही (ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार) प्रोफाइलसोबत सांगितलेलाच हवा, शाई किती सोडायची ते त्यावरूनच ठरतं.

आता कागद. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कॉटन पेपर म्हणजे जावयाचा मान: मागच्या फीडमधून, एकेकच, छपाईच्या जागेला हात न लावता. शाई धरणारं कोटिंग बहुधा एकाच बाजूला असतं. ती बाजू ओळखायला कोपरा किंचित ओलसर बोटांच्या चिमटीत धरा. ज्या बोटाला चिकटेल ती छापायची. छापण्याआधी मऊ ब्रश फिरवा. पृष्ठभागावरचे सुटे कण शाई घेऊन बसतात, नंतर गळून पडतात आणि भरदुपारच्या निळ्या आकाशात चांदण्या उगवतात. कागदाच्या कडा वर वळल्या असतील तर शाई फवारणारं हेड घासून काळे फराटे उठतात. म्हणून कागद उलट बाजूने अलगद वळवून सपाट करा आणि ड्रायव्हरला तो जाड असल्याचं सांगा.

पहिला झटका थेट ए३वर नको. त्याच कागदाची पट्टी कापून त्यावर चेहरा, सावली आणि पांढरा शर्ट येईल एवढाच तुकडा छापा. ए४ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर चार घरं फिरून आलेला फोटो इथे उघडा पडतो.

पिगमेंट शाईचा (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा) प्रिंटर रिकामा बसला की रुसतो, म्हणून आठवड्याला एक रंगीत पान काढा. नॉझल चेकच्या (शाईची छिद्रं तपासणाऱ्या पानाच्या) रेघा तुटक आल्या तर क्लीनिंग करा, पण दोनतीनदाच. पुढे प्रत्येक क्लीनिंगला महागडी शाई सरळ मेंटेनन्स टँकच्या (वाया गेलेल्या शाईच्या डब्याच्या) पोटात जाते. त्यापेक्षा रात्रभर थांबून पुन्हा तपासा.

प्रिंट निघाला की फ्रेमची घाई नको. किमान २४ तास उघडा वाळू द्या, नाहीतर शाईतल्या द्रावकांची वाफ काचेवर आतून धुकं धरते. तेवढ्यात घरातलं कोणीतरी ‘खरंच हाताने रंगवल्यासारखं वाटतं गं!’ म्हणत त्यावर बोट फिरवणार. मॅट कागदावरचा तो चट्टा जात नाही, तेव्हा प्रिंट कपाटावर ठेवा. स्टूलही लपवा.