विकायचं म्हणून घर दुरुस्त केलं, त्यात वावगं काय?

पार्ल्यातलं आमचं आजोळ विकायला निघालंय. थोरले मामा गेल्यापासून ते दादाच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या मालकीचं आहे. विकायचं ठरल्यावर दादा आणि वहिनीने आधी त्याची दुरुस्ती हाती घेतली. कौलं उतरवून कुजक्या रीपा बदलल्या, भिंतींवरचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला, व्हरांड्याच्या सागवानी खांबांवरचे ऑइलपेंटचे थर काढले. यावरून नातेवाइकांत जे बोललं जातंय, ते इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, फोनवर ऐकताना माझा संताप होतो. पुण्याचे धाकटे मामा म्हणतात, "विकायचंच आहे तर पैसे मातीत कशाला घालता? घेणारा पहिल्याच महिन्यात पाडणार." मावशीचं दुसरंच टोक. तिच्या मते दोघांनी आजोबांचं घर नटवून बाजारात उभं केलं. एकाला तो मूर्खपणा वाटतो, दुसरीला हाव.

आम्ही ज्या घरात राहतो ते एका वयस्कर जोडप्याने असंच विकण्यासाठी दुरुस्त केलं होतं. लीड्सच्या हेडिंग्ली भागातलं लाल विटांचं टेरेस घर, म्हणजे ओळीत भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांपैकी एक. त्यांना जिने झेपेनासे झाले होते, मुलं दूर होती. बाईंनी सगळी दारं रंग काढून मूळ लाकडावर आणली, सॅश खिडक्या पुन्हा वरखाली सरकायला लागल्या, विटांच्या सांध्यांतलं सिमेंट काढून चुना भरला. जाताना एक फाइल ठेवून गेले: पावत्या, पाइप कुठून कुठे जातात याची आकृती, कुठली गटर पानांनी तुंबते याची नोंद. त्यांना कुणी लोभी म्हटलं नाही, की वेड्यातही काढलं नाही. या देशात नवीन घर बांधलं तर व्हॅट शून्य आणि जुन्याची डागडुजी केली तर सहसा वीस टक्के, तरीही आमच्या गल्लीत कुणा ना कुणाच्या दारात स्किप, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याचा लोखंडी डबा, उभा असतोच. आपण ज्यांना कधी भेटणार नाही अशांसाठी घर नीट करून देणं, ही इथे साधी गोष्ट आहे.

"तिथलं वेगळं, मुंबईत किंमत जमिनीची," हे मामांचं ठरलेलं उत्तर. जमिनीचं खरंच आहे. पण पार्ल्याचा बराच भाग विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली येतो. तिथे इमारतीच्या उंचीला मर्यादा आहे आणि बिल्डरचं गणित वरळी-लोअर परळसारखं सुटत नाही. आजोळच्या प्लॉटला आलेल्या ऑफर मामा ऐकतात तेवढ्या भरमसाट नव्हत्या. उलट राहण्यासाठी बंगला शोधणारं कुटुंब चांगल्या स्थितीतल्या घराला भाव देतं, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने मालमत्ता पत्रकावरचं आजोबांचं नाव बदलून कागदही स्वच्छ झाले. सुधारणेचा खर्च पावत्या असतील तर भांडवली नफ्यातून वजाही होतो. दादा बँकेतून निवृत्त झालाय, त्याला हिशोब शिकवायची गरज नाही.

मुंबईकराला दुरुस्ती म्हणजे बुडीत खर्च का वाटतो, याला इतिहास आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. गिरगावातल्या चाळमालकाला जिन्याची फळी बदलणंही परवडेना, भाडेकरूला ती जबाबदारी आपली वाटेना. मग १९६९ साली जुन्या इमारतींवर उपकर लावून त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळाची व्यवस्था करावी लागली. शहरातल्या जवळजवळ वीस हजार इमारती त्या यादीत होत्या. त्यातून दोन-तीन पिढ्यांनी एवढंच शिकून घेतलं की जुनं घर पडेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग पुनर्विकासाची वाट बघायची. आमचं आजोळ कधीच त्या फेऱ्यात नव्हतं. उपनगरातलं, मालकाचं, एकाही भाडेकरूशिवायचं घर. तरी मामांच्या डोक्यात तोच हिशोब बसलाय.

भाऊ दाजी लाड संग्रहालय २००८मध्ये पुन्हा उघडलं, रॉयल ऑपेरा हाउस २०१६मध्ये, तेव्हा याच मामांनी मला कौतुकाने कात्रणं पाठवली होती. २०१८ साली मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती जागतिक वारशात आल्या, तेव्हाही. मग एका कुटुंबाने आपल्या पैशाने एक कौलारू घर सावरलं, तर त्यात डाव का दिसावा?

कामाबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण त्याबद्दल कुणी विचारतच नाही. चुन्यात बांधलेली भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि दिवाळीपर्यंत ती सोडून देते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी थोरल्या मामांनी "पक्कं काम" म्हणून तिच्यावर सिमेंट चढवलं. ओल आत अडकली, पोपडे सुटले आणि भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं कुजायला लागली. आमच्या लीड्सच्या विटांचंही सिमेंटने तेच केलं होतं. चुन्याचं काम येणारा गवंडी मुंबईत शोधूनच काढावा लागतो. वहिनीने शोधला. चुना भिजत ठेवला, सुर्खी, म्हणजे विटांची पूड, मिसळली, एकेक थर वाळेपर्यंत थांबली. बैठकीच्या खोलीतल्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांवर नवी टाइल बसवणं सोपं आणि स्वस्त होतं. तिने त्या घासून घेतल्या. नुसतं नटवायचं असतं तर पुट्टी आणि रंग पुरला असता. भिंतीच्या आतल्या तुळईचं टोक कुठल्याही गिऱ्हाइकाला दिसत नाही.

"तुला तिथे बसून बोलायला काय जातं?" असं मावशीने मला विचारलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण प्रश्न खोटा नाही. दर मे महिन्यात ताडपत्री दादाने बांधली, मालमत्ता कर त्याने भरला, माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिला त्याच घरात वहिनीने सांभाळलं. विक्रीचं ठरलं तेव्हा दोघांनी आधी मला विचारलं, तू घेतेस का. कायद्याची अडचण नव्हती. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन घेता येत नाही, घर घेता येतं. इथलं घर गहाण टाकून पैसेही उभे राहिले असते. मी नाही म्हटलं. मला ते घर हवं होतं, पण दादाने राखलेलं, कधीही गेलं तरी दार उघडणारं, मागच्या खोलीत माझा पलंग असलेलं. त्यात राहायला मी जाणार नव्हते. माझी मुलं लीड्सची आहेत, आणि आता मीही बरीचशी इथलीच आहे, हे त्या "नाही"बरोबर मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं. आजोळ गेल्यावर मुंबईत मी हॉटेलात उतरणार. याचा मला त्रास होतो आणि होत राहील.

म्हणूनच मी या दोघांच्या बाजूने बोलतेय. घेणाऱ्याने उद्या पाडलं तर तो निर्णय त्याचा असेल. दादा-वहिनीने राहता येईल असं घर त्याच्या हाती दिलेलं असेल. मामा-मावशींनी त्या घरात लहानपण काढलं, ते जाण्याचं दुःख त्यांना माझ्याहून जास्त असणार. ते त्यांनी दुःख म्हणूनच बोलावं, मी फोनवर तासन् तास ऐकेन. दादाच्या अकलेवर आणि वहिनीच्या हेतूवर त्याचा राग काढू नये.