ओटिराला माझा पोपट झाला

आई-बाबा न्यूझीलंडला, आमच्याकडे क्राइस्टचर्चला आले की त्यांना आर्थर्स पासच्या घाटावरून पश्चिम किनाऱ्याला न्यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा आमची गाडी गॅरेजमध्ये, म्हणून भाड्याची घेतली. ओटिराचा पूल वरून दिसतो तिथे थांबलो, तोच गाडीच्या टपावर धप्पकन काहीतरी पडलं.

"अगंबाई, पोपट!"

आईच्या लेखी पोपट म्हणजे लाल चोचीचा, मिरची खाणारा. हा किया, इथला डोंगरी पोपट. शेवाळी अंग, तलंगेएवढा आकार, घारीसारखी बाकदार चोच. पंख उघडले तर आतून शेंदरी. आईने "विठू विठू" म्हणून बघितलं. विठूने मान वाकडी करून तिला ऐकून घेतलं आणि वायपरचं रबर सोलायला घेतलं. अगदी शेवग्याची शेंग सोलावी तसं, एका टोकापासून, सावकाश.

मी टाळ्या वाजवल्या, टोपी फिरवली. तो दोन पावलं मागे सरायचा, मी थांबलो की तीन पुढे. तेवढ्यात दुसरा मागच्या काचेच्या रबराला लागला होता. आईने पिशवीतून चकली काढली.

"आई, खायला घालायचं नाही! सवय लागते, मग रस्त्यावर गाड्यांखाली येतात."

"दारात आलेला पाहुणा उपाशी?"

"पाहुणे आपण आहोत."

बाबा एव्हाना वाटेत घेतलेलं माहितीपत्रक मोठ्याने वाचत होते. बाबा काहीही मोठ्यानेच वाचतात. किया मेंढ्यांच्या पाठी टोकरून चरबी खातात म्हणून पूर्वी सरकार चोचीमागे बक्षीस द्यायचं. शंभरेक वर्षांत, 1970 च्या आसपासपर्यंत, दीड लाखाच्या घरात मारले. पूर्ण संरक्षण मिळालं 1986 मध्ये. आता उरलेत तीन ते सात हजार.

"चोचीला किती देत होते?" बाबा जन्मभर अकाउंट्सला होते.

मी काही बोललो नाही. अर्धं वायपर हातात धरून मीही मनात तोच हिशेब करत होतो, हे कबूल करायची लाज वाटली.

पुढचं तर साधूच्या लंगोटीच्या गोष्टीसारखं. गोऱ्यांनी ससे आणले, ते माजले म्हणून मुंगसासारखे स्टोट आणले, आणि स्टोटांना कियाची जमिनीतली घरटी सापडली. पिल्लं तीनेक महिने घरट्यातच, म्हणजे ताट वाढूनच ठेवलेलं. त्यात जुन्या झोपड्यांच्या छपरांचं शिसं चवीला गोड लागतं, ते कुरतडून विषबाधा होते ती वेगळीच.

"आणि आपल्या विठूने नुसतं रबर खाल्लं तर तू एवढा ओरडलास," आई म्हणाली.

मग पाऊस आला. तिकडचा पाऊस म्हणजे आंबोलीचा थोरला भाऊ. तासभर गाडीत बसून चकल्या संपवल्या. बाहेर दोघे डबक्यात एकमेकांना उलथेपालथे करत कुईकुई खिदळत होते.

गाडी परत करायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने वायपरकडे एक नजर टाकली.

"किया?"

मी तोंड उघडायच्या आत आईने अभिमानाने दोन बोटं वर केली.