न सांगता चावला?

वाद पेटला मंग्याच्या एका वाक्यावरून. "शेपूट हलवत होता आणि न सांगता चावला रे!" शेजारच्यांचा कुत्रा घरातल्याच पोराच्या हाताला चावला होता. दात रुतले नव्हते, पण आता कुत्रा ठेवायचा की नाही यावरून तिथे रणकंदन चाललं होतं.

"आधी काय झालं ते सांग," सुनील म्हणाला.

कुत्रा कोपऱ्यात पडला होता. पोराने जाऊन गळ्यात हात टाकले. कुत्र्याने तोंड फिरवलं, नाकावरून जीभ फिरवली, मोठी जांभई दिली.

"झोप आली होती त्याला," मंग्या म्हणाला.

"झोप कसली! अवघडला होता तो. डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसत होता? अंग ताठ झालं होतं?"

मंग्या थांबला. हो, क्षणभर कुत्रा हललाच नव्हता. मग बारीक गुरगुर, आणि मग दात. म्हणजे त्याने निदान पाच वेळा सांगितलं होतं.

"पण शेपटाचं काय?" शेपटावर सुनीलकडे उत्तर तयार होतं. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी मोजून पाहिलंय: मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकतं, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. नितीन उसळला, "डावं-उजवं मोजत कोण बसणार?" आणि त्यात तथ्य होतं. घरच्या माणसाने शेपूट किती वर आणि किती ताठ आहे एवढं पाहिलं तरी पुष्कळ. कंबरेपासून सैल हलणारा कुत्रा वेगळा; शेपूट उंच ताठ धरून बारीक झटके देणारा वेगळा.

"ते सगळं ठीक," नितीन म्हणाला, "गुरगुरला की एक फटका द्यायचा. आमचा तसाच सरळ झाला."

इथे मला गप्प बसवेना. फटक्याने भीती जात नाही, गुरगुर जाते. पुढच्या वेळी तोच कुत्रा खरंच न सांगता चावतो. शिवाय प्रत्येक गुरगुर रागाची नसते. २०१० सालच्या हंगेरीतल्या प्रयोगात हाडाकडे निघालेल्या कुत्र्यांना गुरगुरण्याची रेकॉर्डिंग ऐकवली. हाड राखणाऱ्या कुत्र्याचा आवाज आला की ते मागे सरत. खेळातल्या गुरगुरीला फारशी दाद देत नसत.

"नंतर मान खाली घालून बसला होता. चूक कळली असणार," मंग्या म्हणाला.

त्यावर कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ चा प्रयोग आहे. मालक रागावला की कुत्रे अपराधी दिसायचे, मग त्यांनी मना केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो. ती पडलेली मान आपल्या आवाजाला घाबरून पडते.

"म्हणजे पोरासमोर गुरगुरू द्यायचं?" नितीन हटेना. प्रश्न रास्तच होता.

"पोराला आधी उचलायचं," सुनील म्हणाला. "लहान मुलाला यातलं काही कळणार नाही, म्हणून दोघांच्या मध्ये मोठं माणूस हवंच. आणि शांत कुत्रा अचानक चिडायला लागला तर दुखणं बघायचं. कान, दात, सांधे."

"कान?" मंग्या म्हणाला. "एक कान सारखा खाजवतोय तो हल्ली."

नितीनला अजूनही फटक्याचंच पटत होतं. मंग्याने तोवर शेजाऱ्यांना फोन लावला होता: "काहीही ठरवू नका, आधी डॉक्टरला कान दाखवा."