'बासष्ट साली सगळे गप्प होते' हे साफ खोटं आहे

माझ्या भाचीने कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहिते आहे. मजकूर सांगतो: १९६२ च्या चीन युद्धात संसद बंद होती, विरोधकांनी चकार शब्द काढला नाही, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, युद्ध हरल्यावरही मुंबईने तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पुन्हा निवडून दिलं. त्यामुळे युद्धावरून सरकारला जाब विचारणारे ते देशद्रोही.

दागिन्यांचं खरं आहे, संरक्षण निधीला लोकांनी भरभरून दिलं. बाकीचं बघू.

उत्तर मुंबईतून मेनन आचार्य कृपलानींना हरवून निवडून आले ते फेब्रुवारी १९६२ मध्ये. चीनचा हल्ला झाला २० ऑक्टोबरला. मजकूर लिहिणाऱ्याने साधं वर्ष-महिना पाहायचेही कष्ट घेतले नाहीत! युद्ध चालू असतानाच मेनन यांचं मंत्रिपद गेलं. १९६७ ला काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर ते ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून पडले. बर्वे लगेच वारले, तर पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पाडलं. आता बर्वे काँग्रेसचेच होते आणि 'बाहेरचा उमेदवार' म्हणून शिवसेना मेनन यांच्या विरोधात उतरली होती, त्यामुळे हा पराभव निव्वळ युद्धाचा होता असं मी म्हणणार नाही. पण मुंबईने त्यांना एका वर्षात दोनदा नाकारलं. ते लोकसभेत परतले ते १९६९ मध्ये, बंगालमधून.

'संसद बंद होती' हे तर कहर आहे. ८ नोव्हेंबर १९६२ ला अधिवेशन सुरू झालं, तेव्हा आजच्या अरुणाचलमधली से ला खिंड आणि बोमदिला ही ठाणी चीनच्या हाती पडायची होती. अधिवेशन लवकर बोलवा ही मागणी राज्यसभेतले तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांची. बैठक गुप्त घ्या अशी सूचना आली, ती नेहरूंनी मानली नाही. लोकसभेत १६५ सदस्य बोलले. कामकाजाचे हे खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही वाचता येतात. भाचीला मी तेच उघडून दिले.

गप्प बसवलेले लोकही होते, हे मान्य. भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्टांची धरपकड झाली, चिनी वंशाच्या नागरिकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. पण तो अन्याय होता. आज कुणाचं तोंड बंद करायला त्याचा दाखला कसला देता?

आणि युद्धानंतर? १९६३ च्या पोटनिवडणुकांत अमरोह्यातून कृपलानी, फर्रुखाबादेतून लोहिया आणि राजकोटमधून मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी निवडून आले. तिघेही विरोधक. मुंबईत हरलेल्या याच कृपलानींनी ऑगस्टमध्ये नेहरू सरकारवर अविश्वास ठराव आणला, लोकसभेतला पहिलाच. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी तो पडला. पण दिवसचे दिवस सरकारला भर सभागृहात सगळं ऐकून घ्यावं लागलं, उत्तर द्यावं लागलं. गांधीजींबरोबर उभं आयुष्य काढलेल्या कृपलानींना देशद्रोही म्हणायची हिंमत आहे का या मजकूरवाल्यांची?

मुंबईतून मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण २ सप्टेंबर १९६३ ला संरक्षणमंत्री म्हणून लोकसभेत उभे राहिले आणि पराभवाच्या लष्करी चौकशीतून निघालेल्या उणिवा त्यांनी सांगितल्या: प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्व. मूळ अहवाल मात्र सरकारने अजूनही खुला केलेला नाही. तो मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.