‘खरा मर्द’ मेसेज आणि काकांच्या गोळ्या

आमच्या वाडीच्या ग्रुपवर ‘खरा मर्द’ नावाचा मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय, दर्यावर जाणारा माणूस मनाच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जात नाही, डिप्रेशन हे शहरी फॅड, आजोबांना कुठे होतं? गोळ्यांची सवय लागते, मित्रांबरोबर ‘बसलं’ की मन मोकळं होतं. माझे काका तीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. हे वाचून त्यांनी डिप्रेशनच्या गोळ्या पाचव्या आठवड्यात सोडल्या. “आता माका गोळी नको,” एवढंच म्हणाले. परवा पहाटे तीनला ओटीवर जाळं घेऊन बसले होते. एकच भोक सांधायचे, कापायचे, पुन्हा सांधायचे.

म्हणून आधी गोळ्यांचं. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे मान्य. म्हणूनच त्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. पण डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. त्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि एकदम बंद केल्या तर चक्कर येऊ शकते, झोप उडू शकते, आजार उलटू शकतो. सोडायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आणि ‘बसणं’ म्हणजे काय ते आपल्या वाडीत कुणाला सांगायला नको. दारूने दोन तास बरं वाटतं, मग झोप मोडते आणि उदासी वाढते. त्यावर झोपेची गोळी घेतली तर जिवावर बेतू शकतं. हा सल्ला आजारी माणसाला देताना हात कसा धजावला?

आजोबांच्या काळात नव्हतं म्हणे! रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून उभं आहे. ते कुणासाठी बांधलं?

मर्दानगीचा हिशोब राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत बघा. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यांत शंभरातले जवळपास बहात्तर पुरुष. कारणं अनेक असतात, कर्जापासून आजारापर्यंत. पण गप्प राहून पुरुष वाचतात, असं हा आकडा तरी म्हणत नाही. आणि आपण गप्प राहणारे कधी होतो? देवळात चारचौघांसमोर गाऱ्हाणं घालतोच ना? तिथे कुणाची मर्दानगी जात नाही.

सरकारच्या टेलि-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. ‘खरा मर्द’ टाकणाऱ्यांनी तो मेसेज आजच काढावा. काकांना मंगळवारी सकाळच्या एसटीने डॉक्टरांकडे नेतोय. कुणाला यायचं असेल तर मला एकट्याला सांगा, जागा धरून ठेवतो.