ब्लेडला घासू नका, भावोजी

चवथीच्या आदल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर भावोजींनी एक मेसेज टाकला. दुपारपर्यंत तोच आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आणि रात्री भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला. थोडक्यात मजकूर असा: दाढीचं ब्लेड केसांमुळे बोथट होत नाही, पाण्याने गंजून होतं. म्हणून दाढी झाली की ते जुन्या जीन्सवर उलट्या दिशेने वीस वेळा घासा आणि खोबरेल तेलात बुडवून ठेवा. नवं ब्लेड बोचत असेल तर आधी बाटलीच्या बुचातून ओढा. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलंत तर धार आणखी कडक होते. एवढं केलं की एक ब्लेड सहा महिने चालतं, आणि हे तुम्हाला कंपन्या सांगणार नाहीत.

मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं साध्या दुधारी ब्लेडने दाढी करतोय. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी या मेसेजला मूळ कुठून मिळालं असेल ते सांगतो, कारण तो अगदीच हवेतून आलेला नाही. माझे वडील ब्लेडला धार लावायचे. काचेचा पेला आडवा धरायचा, आत दोन थेंब पाणी, ब्लेड आतल्या गोलाईवर बसवायचं आणि दोन बोटांनी दाबून पुढेमागे सरकवायचं. पाच-सहा वेळा ही बाजू, पाच-सहा वेळा ती. तो बारीक किर्र किर्र आवाज म्हणजे आमच्या घरची सकाळ. आणि त्याचा उपयोग व्हायचा, कारण ते ब्लेड कार्बन पोलादाचं असायचं. उघडं पोलाद, वर कसलाही लेप नाही. पावसाळ्यात दोन दिवसांत तांबूस पडायचं. म्हणजे ‘गंजतं’ हेही तेव्हा खरं आणि ‘घासून धार येते’ हेही बऱ्यापैकी खरं. 1962 साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस पोलादाचं ब्लेड बाजारात आणलं आणि ब्लेडचा सगळा धंदाच पालटला. मेसेजमधली अक्कल त्याच्या आधीच्या ब्लेडची आहे.

आता गंजाचं बघू. आजच्या ब्लेडच्या पोलादात साधारण 13 टक्के क्रोमियम असतं. त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो आणि तोच आतल्या लोखंडाला सांभाळतो. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असं मात्र नव्हे. मिठातला क्लोराइड या पापुद्र्याला टोचण्या मारतो. भावोजी राहतात हरमलला, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि मे महिन्यात त्यांच्या विहिरीचं पाणी जिभेला खारट लागतं. त्यांच्या ब्लेडवर ठिपके दिसले असतील तर ते खोटं बोलत नाहीत. माझ्याकडे ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं नळाचं पाणी येतं, माझ्या ब्लेडवर ठिपका क्वचितच दिसतो. आणि गंमत म्हणजे आम्हा दोघांचीही ब्लेडं साधारण तितक्याच दिवसांत ओढायला लागतात. बोथटपणा नुसत्या गंजाचा असता तर हरमलचं ब्लेड फोंड्याच्या कितीतरी आधी मेलं असतं.

मग ब्लेड बोथट होतं कशाने? केस पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ. मऊ वस्तू कठीण वस्तूला झिजवते कशी, हे कोडं शास्त्रज्ञांनाही पडलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात जानलुका रोशोली नावाच्या संशोधकाने स्वतःचीच दाढी केली आणि प्रत्येक दाढीनंतर ब्लेडची कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. निष्कर्ष ऑगस्ट 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. धार गुळगुळीत झिजून गोल होत असेल अशी अपेक्षा होती. सापडलं निराळंच: कडेचे टवके उडाले होते. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आत एकेक केस कापणारं छोटं यंत्र बसवून हे घडताना पाहिलं. पोलादाची आतली घडण सगळीकडे सारखी नसते, कुठे कठीण कण, कुठे जरा मऊ. केस तिरका आला, वाकला, आणि त्याची बाजू नेमकी अशा कमजोर जागेवर टेकली, की तिथे चीर पडते आणि टवका उडतो.

मी शाळेच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली माझं सातव्या दाढीचं ब्लेड ठेवलं होतं. खालून उजेड दिला की ब्लेडची नुसती काळी सावली दिसते. नव्या ब्लेडच्या सावलीची कड फूटपट्टीने आखल्यासारखी होती. जुन्याची बऱ्याच ठिकाणी सरळच होती, मधेच मात्र उंदराने पापडाची कड कुरतडावी तसे खाचे. तांबूस रंग कुठेच नाही.

जीन्सच्या मुद्द्याला इथेच उत्तर मिळतं. उडालेला टवका कापडावर घासून परत येणार कुठून? सलूनमध्ये पूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचे तो दाखला लोक देतात. पण वस्तऱ्याची पाती जाड, मागे भक्कम पाठ, आणि वळलेली कड सरळ करायची म्हणून पट्टा. शिवाय अधूनमधून दगडावर लावून नवी धार काढावी लागायचीच, ते काम पट्टा करत नसे. आपलं ब्लेड सगळं मिळून 0.1 मिलिमीटर जाडीचं, धारेचं टोक शंभराहूनही कमी नॅनोमीटरचं (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). जीन्समधल्या कापसाचा एक तंतू त्याच्या कित्येकशे पट जाड. अशा तंतूने ती कड दुरुस्त करायची म्हणजे नारळाच्या सोडणाने घड्याळ दुरुस्त करण्यासारखं. वर धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा अतिपातळ लेप असतो, कारखान्यात भट्टीत भाजून बसवलेला. ब्लेड ओढत नाही, घसरतं, ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. घासून तुम्ही तोच खरवडता.

तरी मी करून पाहिलं. एकाच पाकिटातली दोन ब्लेडं घेतली, एकावर मार्करने ठिपका दिला आणि तेवढंच रोज जीन्सवर घासलं. रेझरमध्ये कुठलं घालायचं ते बायकोने ठरवायचं, मला सांगायचं नाही. प्रत्येकी सहा दाढ्या झाल्या. आज कुठलं होतं ते मला एकदाही खात्रीने सांगता आलं नाही, आणि पाचव्या दाढीला दोन्ही हनुवटीवर सारखीच ओढली. एका हनुवटीचा प्रयोग आहे, त्याला त्याहून मोठं नाव देत नाही. फरक जाणवतो म्हणणाऱ्यांना मी खोटंही ठरवत नाही: घासताना कडेला चिकटलेला वाळका साबण निघून जातो आणि तेवढ्यानेही बरं वाटू शकतं. पण ते काम नळाखाली होतं, त्याला मांडीवर उघडं ब्लेड फिरवायला नको.

बुचाची युक्ती मला सगळ्यांत रंजक वाटली. हिच्यात थोडं तथ्य आहे. काही नव्या ब्लेडांवर लेप जरा जास्त असतो, पहिल्या काही ओढींत धारेवरचा जादा थर निघून जातो, आणि म्हणून ‘पहिल्यापेक्षा दुसरी दाढी चांगली होते’ असं म्हणणारे भेटतात. बुचातून ओढून तो पहिला टप्पा दाढीच्या आधीच उरकायचा, अशी कल्पना. आपल्याकडे पोर्तुगालच्या वाइनची बुचं घराघरांत सापडायची, त्यामुळे प्रयोगाला सामान आहे. पण बूच म्हणजे ओकच्या झाडाची साल. तिचा पोत सगळीकडे सारखा नसतो, आणि थर किती निघाला हे मोजायला तुमच्याकडे काही नाही. बोचणारं ब्लेड असेल तर दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणावं. (जाता जाता: दुधारी ब्लेडचा जनक किंग जिलेट हा आधी ‘क्राउन कॉर्क अँड सील’ या बाटल्यांच्या झाकणांच्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. बुचाचं आणि ब्लेडचं नातं जुनं आहे, पण ते असं नाही.)

फ्रीजरबद्दल एकच. थंडीने पोलाद कडक होतं हे खरं, म्हणूनच कारखान्यात ब्लेडची पट्टी हजार अंशांहून जास्त तापवून झटकन थंड करतात आणि मग शून्याखाली, उणे 70 अंशांच्या आसपासही नेतात. तुमचा फ्रीजर उणे 18. कारखान्यात झालेल्या कामावर तो काय भर घालणार! तिथे मासे ठेवा.

तेलाच्या मुद्द्यावर मी भावोजींच्या अर्धा बाजूने आहे. खाऱ्या हवेत, खाऱ्या पाण्यात तेलाचा थर ठिपके रोखतो, त्यात वाद नाही. पण धार त्याने टिकत नाही, कारण टवके तेलाला विचारून उडत नाहीत. वर तेलाचं ब्लेड तसंच चेहऱ्याला लावलं की साबणाचा फेस मरतो. डिसेंबरच्या सकाळी खोबरेल वाटीत गोठतं, आणि बाथरूममध्ये मुंग्या येतात त्या वेगळ्याच. गोड्या पाण्यात धुवा, दोनदा झटका, रेझर जरा सैल करून उभा ठेवा. टॉवेलने पुसू नका, टॉवेल धारेला लागतो आणि बोटालाही.

सहा महिन्यांचं काय बोलावं. पाच ब्लेडांचं पाकीट मला वीस-पंचवीस रुपयांना पडतं, एक ब्लेड मी पाच-सहा दाढ्या चालवतो. राठ केस असतील तर तीनच चालेल, विरळ असतील तर दहा. सहा महिने चालवणारा माणूस एक तर आठवड्याने दाढी करतो, नाहीतर ओढ सहन करायला शिकला आहे. दाढीचा कोरडा केस चिवट असतो, दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की तो कापायला बराच कमी जोर लागतो. अंघोळीनंतर दाढी करा, ब्रशने फेस नीट चोळा, रेझर दाबू नका. ब्लेडवर जेवढे उपचार सांगितलेत त्यांच्या निम्मे दाढीवर केलेत तरी एखाद-दुसरी दाढी जास्त मिळेल.

आणि कंपन्यांचं गुपित. कंपन्यांविषयीचा संशय निराधार आहे असं मी म्हणणार नाही. रेझरला लावायच्या पाच पात्यांच्या काडतुसांच्या किमती बघितल्या की मलाही राग येतो. पण घासण्याचा विषय तरी त्यांनी कधी लपवला नाही. जिलेटच्या सुरुवातीच्या जाहिरातींचा मुख्य दावाच हा होता की पट्ट्यावर घासायला नको, दगडावर लावायला नको. पुढे स्टेनलेस आलं तेव्हा जास्त दाढ्या देणारं ब्लेड विल्किन्सनने लपवून ठेवलं नाही, उलट त्याच बळावर जिलेटचे गिऱ्हाईक पळवले, आणि जिलेटला 1963 मध्ये स्वतःचं स्टेनलेस आणावं लागलं. जीन्सच्या तुकड्याने सहा महिने मिळत असते तर एखाद्या कंपनीने तो तुकडा पाकिटात घालून दहा रुपये जास्त घेतले असते.

हे सगळं फोनवर भावोजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते ठीक आहे मास्तर, पण उलटी दिशा कुठली ते मेसेजमध्ये नीट लिहिलं नव्हतं. माझी पँट गुडघ्यावर फाटली आहे, चवथीला येताना दुसरी घालून येतो.”